मांजराला हात नसतात

आमच्या ग्रीनहाऊसमध्ये शिरायचं तर आधी हात दुधात बुडवावे लागतात. हे ऐकून नवा माणूस हसतो. मग वहिनी त्याच्याकडे बघते आणि तो हसणं आवरून मुकाट्याने बाह्या वर करतो. दाराशी बेसिन, बेसिनशेजारी पांढरं घमेलं, घमेल्यात पावडरचं पातळ दूध. साबणाने हात धुवायचे, मनगटापर्यंत दुधात बुडवायचे, आणि पुसायचे नाहीत. पूजेला निघाल्यासारखे ओले हात पुढे धरून आत जायचं. मोठे साहेब, म्हणजे आमच्या संस्थेचे संचालक, एकदा फोनवर बोलत तसेच आत घुसले, तर वहिनीने त्यांना नुसत्या आवाजाने दारापर्यंत मागे आणलं. तेव्हापासून तेही दुधात हात घालतात आणि मग फोन कुठे धरायचा म्हणून उभे राहतात.

संस्थेत वहिनीला मागून 'गवळण' म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझ्यात आहे, कारण मी तिची नणंद.

लोकांना वाटतं, मी वहिनीच्या वशिल्याने इथे चिकटले. उलट आहे. ग्रीनहाऊसची देखभाल मी तिच्या आधीपासून करते. ही बाई इथे व्हायरसवर संशोधन करायला आली, मला आवडली, आणि माझा भाऊ तेव्हा चष्म्याच्या दुकानात दुसऱ्यांचे डोळे तपासत एकटाच पिकत चालला होता. मी तिला त्याच्याकडे नंबर काढायला पाठवलं. पुढचं त्या दोघांनी पाहिलं. तेव्हा वहिनी माझ्या वशिल्याने आमच्या घरात आहे, हे मी तिला अधूनमधून ऐकवत असते. चिमटे काढायच्या या सवयीमुळे माझं नाव 'चिमटी' पडलंय. वहिनीही तेच म्हणते. फक्त रागावली की 'वन्सं' म्हणते, आणि मग मी जरा लांबून चालते.

तिचं काम एका वाक्यात सांगता येतं, पण एका वाक्यात सांगितलेलं तिला चालत नाही. म्हणून बेतानेच लांबण लावते. शेतात तणनाशक मारलं की तणाबरोबर पीकही जातं. पीक वाचावं म्हणून काही जण बियाणंच बदलतात. वहिनी बियाण्याच्या वाटेला जात नाही. ती एक व्हायरस घेते, त्याची आजारी पाडायची खोड मोडते, आणि त्याच्याजवळ एक निरोप देते, की हे तणनाशक असं असं मोडून काढायचं. व्हायरस रोपात शिरतो, पानोपानी निरोप पोचवतो, आणि रोप ते औषध पचवायला शिकतं. हंगाम संपला की रोप वाळतं, रोपाबरोबर व्हायरस जातो, व्हायरसबरोबर निरोप. बीमध्ये काही उतरत नाही. तिने हे सगळं टोमॅटोवर जमवलं होतं. निरोप मिळालेल्या रोपांवर तणनाशक मारलं तर ती अंगावरचं पाणी झटकावं तशी दुसऱ्या दिवशी पुन्हा ताठ उभी राहायची.

अडचण एकच होती. हा व्हायरस स्पर्शाने पसरतो. टोमॅटोच्या पानावर बारीक लव असते. ती मोडली, थेंबभर रस हाताला लागला, आणि तोच हात दुसऱ्या रोपाला लागला, की झालं. दुधात मात्र त्याचं काही चालत नाही. म्हणून ते घमेलं, आणि म्हणून ती गवळण.

सात वर्षं हे काम काचेच्या आत चाललं होतं. आता वहिनीला उघड्या शेतात जायचं होतं. त्याची परवानगी एका समितीच्या हातात होती आणि समितीची अट सरळ होती. व्हायरस जिथे ठेवाल तिथेच राहतो, हे दाखवा. राहिला तर या हंगामात शेत मिळेल. न राहिला तर शेत विसरा.

सात वर्षं तिला सगळे एकच विचारायचे. मोठे साहेब जिन्यात भेटले की, "काय बाई, झालं का?" घरी गेली की दादा दारातच, "झालं का गं?" आणि मी तर रोज सकाळी कुलूप उघडता उघडता विचारायचे, "काय वहिनी, झालं का?" ती म्हणायची, "होईल." मला वाटायचं, आपण किती आपुलकीने विचारतो.

तर समितीसाठी तिने मांडणी केली ती अशी. ग्रीनहाऊसच्या मागच्या अर्ध्या भागात, विटांवर ठेवलेल्या कुंड्यांमध्ये, निरोप मिळालेली रोपं. मधे मोकळी जागा. पुढच्या अर्ध्या भागात दारापर्यंत साधी रोपं, ज्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. यांना आम्ही पहारेकरी म्हणायचो. काही आठवडे सगळ्यांना एकत्र नांदू द्यायचं, मग सरसकट तणनाशक मारायचं. मागची जगली पाहिजेत आणि पहारेकरी झाडून सगळे मेले पाहिजेत. पहारेकरी जगला, तर त्याचा अर्थ व्हायरस उठून त्याच्याकडे आला.

त्या काही आठवड्यांत वहिनीने आम्हाला सळो की पळो करून सोडलं. मागच्या भागात जाऊन आलं की पुन्हा हात दुधात. अंगरखा वेगळा. पाणी देताना पाइप पानाला लागू द्यायचा नाही. दादा एकदा तिचा डबा घेऊन आला, तर त्याला दारातच दुधात हात घालायला लावले आणि वर विचारलं, "कोपर कुठे टेकवलंस?"

"कुठेच नाही."

"मग बाहीला हिरवं कसलं?"

"अगं, दुकानाच्या दाराचा रंग लागलाय तो, परवापासून," दादा म्हणाला. "नवऱ्याकडे कधी बघतेस का?"

डबा बाहेरच राहिला.

दुधाची पावडर मात्र त्या दिवसांत भराभर संपू लागली. दूध कालवायचं काम माझं. सकाळी घमेलं भरून ठेवायचं, शिवाय दिवसभराला पुरेल म्हणून एक बरणी वेगळी. पूर्वी संध्याकाळी बरणीत थोडं उरायचं. आता दुसऱ्या दिवशी बघावं तर बरणी धुऊन पालथी. संध्याकाळी उशिरापर्यंत एकटी वहिनीच थांबायची.

"वहिनी, तू हात धुतेस की आंघोळ करतेस?" मी विचारलं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही पावडर जरा जास्त आणत जा."

मागच्या झरोक्याची जाळीही एका कोपऱ्यात सुटली होती. मी ती ठोकायला निघाले, तर म्हणाली, "राहू दे, मीच लावते." हे ऐकून मी खरं तर तेव्हाच चमकायला हवं होतं. हातोडी कुठल्या बाजूने धरायची हे वहिनीला अजून माहीत नाही. पण मला वाटलं, दगदगीने बोलते.

घरात मांजर पाळायचं दादाच्या फार मनात. लग्न झाल्यापासून तो मागे लागलाय, आणि लग्न झाल्यापासून वहिनीचं उत्तर ठरलेलं. "घरात केस होणार. ते केस माझ्या कपड्यांवर येणार. मी ते घेऊन ग्रीनहाऊसमध्ये जाणार नाही." मग दादा दुकानाच्या पायरीवर येणाऱ्या मांजरांवर हौस भागवायचा.

फवारणी झाली. आता फक्त वाट बघायची. इतर ठिकाणी लोक रोपं जगावीत म्हणून धडपडतात. आमच्याकडे वहिनी सकाळी दारातून आत येता येता, डोळ्यांत प्राण आणून विचारायची, "मेली का?"

"पिवळी पडलीत," मी सांगायचे.

"फक्त पिवळी?"

"अगं, मरायलाही वेळ द्यावा माणसाने."

मग हळूहळू पुढचा सगळा भाग करडा होत गेला. मागे हिरवंगार, पुढे वाळलेलं, मधे रेघ मारल्यासारखी मोकळी जागा. वहिनी खुशीत होती. समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. त्या दिवशी ती घमेल्यात हात बुडवताना गुणगुणत होती, आणि वहिनीचं गुणगुणणं म्हणजे काय हे ज्याने ऐकलंय त्यालाच तिच्या खुशीची किंमत कळेल.

मी वाळलेली पानं झाडायला पुढच्या भागात वाकले आणि मला त्या करड्यात एक हिरवं रोप दिसलं. मग त्याच्या पुढे दुसरं. मग तिसरं.

"वहिनी," मी म्हटलं, "जरा इकडे ये."

ती आली. बघितलं. गुणगुणणं थांबलं.

हिरवी रोपं विखुरलेली नव्हती. मधल्या मोकळ्या जागेपासून सुरू होऊन ती एकामागोमाग एक दाराकडे येत होती, मेलेल्या गवतातून पायवाट जावी तशी. बाजूच्या भिंतीवर मोठा पंखा आहे. त्याच्याजवळ आल्यावर ही वाट वळसा घालून लांबून गेली होती, आणि पंखा मागे पडल्यावर पुन्हा सरळ झाली होती.

वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मोठ्याने विचार करू लागली. ती अशी विचार करते तेव्हा मधे बोलायचं नसतं.

"वारा नव्हे. वारा असता तर पंख्याच्या झोतात सगळ्यात जास्त रोपं जगली असती. इथे पंख्यासमोरचीच मेलीत. पाणी नव्हे, उतार उलट्या बाजूला आहे. किडे म्हणावेत तर ते ओळीने चालत नाहीत. तुझे हात?"

"दुधातले आहेत माझे हात."

"माहीत आहे. आणि तुझे असते तर पानं कमरेच्या उंचीला घासली असती. इथे बघ, खालचीच पानं दुमडलीत. म्हणजे बुटकं काहीतरी. मागून आलेलं. आधी मागच्या रोपांना घासून मग इथून गेलेलं. ज्याला पंख्याचा झोत अंगावर आवडत नाही आणि जे रोज एकाच वाटेने जातं, असं काहीतरी जि..."

शब्द अर्धाच राहिला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. मी त्या हिरव्या वाटेवर डोळे फिरवत फिरवत शेवटापर्यंत गेले. वाट दाराजवळच्या कोपऱ्यात संपत होती. तिथे वहिनीचं स्टूल असतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती तिथे बसून दिवसभराचं काम डोक्यात लावते. स्टुलाभोवतीची, परवापर्यंत इतरांसारखीच पिवळी दिसणारी रोपं सगळीच्या सगळी पुन्हा हिरवी होती. वाटेवर एकेक, आणि इथे कोंडाळं करून.

मी वाकून एक पान उलटं केलं. त्याला तीन-चार पांढरे केस चिकटले होते.

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं जगाला दिसत नाही, ही म्हण मी शंभरदा ऐकली होती. पण त्यातलं मांजर कोण, हे मला तेव्हाच कळलं.

"गवळण," मी म्हटलं, "बरणीतलं दूध कोण पितं?"

वहिनी स्टुलावर बसली. मग एकदमच सगळं सांगून मोकळी झाली. थंडी सुरू झाली तेव्हा मागच्या दाराशी एक पांढरं मांजर यायचं. तिने उरलेलं दूध बशीत घालून बाहेर ठेवलं. तसंही ते दूध फेकूनच द्यायचं असतं. पुढे थंडी वाढली. मांजराने झरोक्याची जाळी शोधून काढली. एका संध्याकाळी बघते तर ते आत, स्टुलाशेजारी.

"हाकललं का नाहीस?"

"ती रोपांना हात लावत नव्हती गं. नुसती येऊन बसायची."

मला हसू आवरेना. सात वर्षांत या बाईने संचालकांचे हात धुतले, नवऱ्याचं कोपर तपासलं, माझी नखं कापायला लावली. आमचे सगळे नियम हातांचे. आणि मांजराला हात नसतात. त्याला पाठ असते, पोट असतं, मिशा असतात, आणि दिसेल त्याला अंग घासत चालायची खोड असते.

"तोंड तर तिचं दुधातच असायचं," वहिनी पुटपुटली.

मी आणखी हसणार होते, पण तिचे डोळे भरले होते.

मोठे साहेब दुपारी डोकावले. त्यांनी हिरवी वाट पाहिली, दुधाळ बोटांनी हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "कडेच्या रोपांचं काही खरं नसतं. ती हिशेबात धरायचीच नसतात. समिती उद्या येते. तुम्ही बघा काय ते." म्हणजे काय बघायचं ते न सांगता सांगून गेले. साहेबांना हे चांगलं जमतं.

ते गेल्यावर मी पिशवी घेऊन आले. खरं सांगते, मला दुसरं काही सुचलंच नाही. पंधरा-वीस रोपं. उपटायला कितीसा वेळ? तिची सात वर्षं एका मांजरापायी पाण्यात जाताना मला बघवत नव्हतं.

"काढू?" मी विचारलं.

वहिनी किती तरी वेळ त्या रोपांकडे बघत होती. माझ्याकडे नाहीच.

"काढ म्हटलं तर काढशील," ती म्हणाली. "तू माझ्यासाठी काहीही करशील, माहीत आहे मला. पण शेतात मांजर नसेल का गं? ससा असेल, कुत्रं असेल, कुणाच्या विजारीचा पाय असेल. कुंपणाशी टोमॅटोच्या गोतावळ्यातलंच तण उगवतं. मांजर याला घासून त्याला घासलं, की तणालाही निरोप मिळाला. मग तण मरणार नाही. मी सात वर्षं खपून तणाला शहाणं करून ठेवायचं?"

"मग काय सांगणार?"

"मांजर आत आलं आणि त्याने पसरवलं, एवढं सांगेन." मग जरा थांबून, हळूच, "का आलं ते कोण विचारतंय?"

मी पिशवी घडी करून ठेवली. तिने अर्धं खरं ठेवलं होतं आणि अर्धं बशीखाली झाकलं होतं. पण शेत हातचं जातंय हे समोर दिसत असताना अर्धंसुद्धा कमी नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघं होते. दोघं गप्प आणि तिसऱ्या एक वयस्कर बाई, गळ्यात भिंग अडकवलेल्या. तिघांनी दुधात हात बुडवले. भिंगवाल्या बाईंनी तर कोपरापर्यंत, तेव्हाच मला त्या आवडल्या. वहिनीने त्यांना मागची हिरवी रोपं दाखवली, पुढचे मेलेले पहारेकरी दाखवले, आणि मग काही आडपडदा न ठेवता हिरव्या वाटेकडे बोट केलं. मोठ्या साहेबांना खोकल्याची उबळ आली.

"व्हायरस इथपर्यंत आला आहे," वहिनी म्हणाली. "झरोक्यातून एक मांजर आत शिरलं होतं. त्याच्या अंगाला लागून आला."

बाईंनी भिंग लावून एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, वाकून वाटेचा वळसा पाहिला, स्टुलाभोवतीचं कोंडाळं पाहिलं. घाई नव्हती त्यांना.

"वाट कळली," त्या म्हणाल्या. "पण मांजर या कोपऱ्यात इतकं कशाला रेंगाळलं?"

वहिनीने स्टूल सरळ केलं. मी छताकडे बघत होते. मोठे साहेब म्हणाले, "ऊब असेल. मांजरं उबेला..."

तेवढ्यात मागे झरोक्यात खुडबुड झाली.

जाळीच्या कोपऱ्यातून आधी डोकं आलं, मग बाकीचं पांढरं मांजर. कुणाकडे बघितलंही नाही. मागच्या रोपांमधून अंग घासत खाली उतरलं, मोकळी जागा ओलांडली आणि त्या हिरव्या वाटेला लागलं. एकेका हिरव्या रोपाला गाल लावत, पंख्याजवळ आल्यावर कान पाडून वळसा घालत, पुन्हा सरळ. समितीची तीन माणसं पाय जवळ घेऊन उभी राहिली. कामात मांजर आडवं जातं म्हणतात. हे आडवं गेलं नाही, सरळ आलं. स्टुलापाशी येऊन वहिनीच्या पायाला पाठ घासून ते बसलं आणि वर बघायला लागलं. दुधाची वेळ झाली नव्हती, पण वहिनी दिसली म्हटल्यावर त्याला वेळेचं काय.

"हे मांजर कुणाचं?" मोठ्या साहेबांनी कडक आवाजात विचारलं. त्यांचा कडक आवाज म्हणजे सुटकेची वाट होती. 'माहीत नाही' एवढं म्हणायचं. समिती निमूट मान हलवणार होती. माझी जीभही 'भटकं आहे हो' म्हणायला तयार होती.

वहिनीने खाली बघितलं. मांजराने डोळे मिचकावले.

"माझं," वहिनी म्हणाली.

ती पुढे बोलत राहिली. आवाज जरा कापत होता, पण थांबला नाही. "थंडीपासून येतंय. दूध मी देते. जाळी सुटली होती ती मी लावू दिली नाही. या कोपऱ्यात मी बसते, म्हणून ते इथे बसतं. माझी चूक आहे. पण चूक माझी असली तरी व्हायरस खरोखरच असा जातो. मी शेतात नेला तर तिथेही असाच जाईल."

भिंगवाल्या बाईंनी भिंग गळ्यात सोडलं. "शेत मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

"या हंगामात नाही, आणि हा व्हायरस घेऊन तर कधीच नाही. काचेच्या आत काम चालू ठेवा. रोपाबाहेर ज्याला पाऊल टाकता येणार नाही असा घडवा, मग मला बोलवा." त्या दाराशी गेल्या आणि पुन्हा वळल्या. "पहारेकरी म्हणून रोपं ठेवली होतीत ना? चोख पहारा केला त्यांनी. आणि हे मांजर उद्या इथे दिसता कामा नये."

मोठे साहेब लगबगीने म्हणाले, "वॉचमनला सांगतो, पोत्यात घालून लांब कुठेतरी..."

"माझं आहे म्हटलं ना मी," वहिनी म्हणाली. संचालकांना दारापर्यंत मागे आणणारा तोच आवाज. साहेब आपसूक बाजूला झाले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी घमेलं धूत उभ्या होतो. मांजर रिकाम्या खोक्यात कोंबून झाकण दोरीने बांधलं होतं आणि ते आतून आम्हाला शिव्या देत होतं. मला राहवेना.

"घरी मांजर नको म्हणून दादाला लग्नापासून रडवलंस. केस होतात म्हणे! आणि इथे? ज्या जागेसाठी नको म्हणत होतीस, त्याच जागेत?"

मला वाटलं, आता 'वन्सं' येणार. आलं नाही.

"सकाळी तू विचारतेस, झालं का," वहिनी घमेल्यात बघत म्हणाली. "जिन्यात साहेब विचारतात. घरी गेले की तुझा भाऊ. सगळे मायेने विचारता, मला कळतं. पण सात वर्षं रोज 'होईल' म्हणताना माणूस थकतं गं. ही एकच होती. यायची, बसायची, दूध प्यायची. हिने एकदाही विचारलं नाही."

चिमटीला बोलता आलं नाही, ही संस्थेत बातमी झाली असती. मी तिच्या हातातून घमेलं घेतलं आणि ते आधीच स्वच्छ होतं तरी पुन्हा धुतलं.

खोकं घेऊन आम्ही दादाच्या दुकानात गेलो. झाकण उघडल्यावर त्याने आधी मांजराकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मग चष्मा काढून पुसला. सगळी हकीकत ऐकून त्याने मांजराचं नाव ठेवलं 'पुरावा'. शेत गेलं हे ऐकल्यावर तो नुसता तिच्या शेजारी बाकावर बसला. गिऱ्हाईक आलं तरी उठला नाही.

जाळी मी दुसऱ्या दिवशी ठोकली. वहिनीने सगळी रोपं उकळत्या पाण्यात घालून नष्ट केली, जगलेलीही आणि मेलेलीही. मग आठवडाभराने नव्या कुंड्या आल्या. आता ती व्हायरसचा अंगरखाच, म्हणजे वरचं कवचच, काढून घेणार आहे म्हणे. उघडावाघडा व्हायरस रोपाबाहेर तग धरत नाही. नवं काम म्हणजे नवी सात वर्षं, की चार, की दहा. ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

म्हणजे विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. कुलूप उघडायचं, दूध कालवायचं, हात बुडवायचे, आणि ओठ घट्ट मिटून कामाला लागायचं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी वहिनी स्टुलावर बसली होती, अंगरख्याला पांढरे केस होते, ते ती एकेक करून चिकटपट्टीने काढत होती. माझ्याकडे तिने दोन-तीनदा बघितलं.

"काय गं, तोंडात काय धरलंयस?"

"काही नाही."

"मग बोलत का नाहीस? तू अशी गप्प बसलीस की मला कामच सुचत नाही. विचार एकदाचं."

"नको."

"वन्सं, विचारा म्हणते ना!"

मी दुधाळ हात हवेत धरून तिच्यापुढे उभी राहिले. "काय वहिनी," मी म्हटलं, "झालं का?"

"नाही," ती म्हणाली.

सात वर्षांत पहिल्यांदा तिने 'होईल' म्हटलं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं, आणि तिच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसले, जिथे मांजर बसायचं तिथे.